नग्नता, लाज आणि ख्रिस्ती धर्म : शिरड शहापूर ते गोवा, व्हाया एदेन बाग

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या यादवकालीन मंदिराची शिल्पे समाजमाध्यमांवर फिरू लागली की त्यांखाली एक ठरलेले विधान हमखास उमटते : भारतीयांना देहाची लाज ठाऊक नव्हती, ती ख्रिस्ती मिशनऱ्यांनी आणि व्हिक्टोरियन इंग्रजांनी शिकवली. त्यावर तितक्याच तत्परतेने दुसरे विधान येते : इथल्या स्त्रियांच्या अंगावर पुरेसे वस्त्र आले ते मिशनऱ्यांमुळेच. पहिले विधान करणाऱ्याने बायबल उघडलेले नसते, दुसरे करणाऱ्याने गोव्याचा इतिहास. दोघांनीही औंढ्याच्याच तालुक्यातील एका गावाकडे पाहिलेले नसते. त्या गावापासून सुरुवात केली तर हा वाद वेगळा दिसू लागतो.

ते गाव म्हणजे शिरड शहापूर. येथे दिगंबर जैनांचे अतिशय क्षेत्र आहे आणि तेथील आराध्य आहेत एकोणिसावे तीर्थंकर मल्लिनाथ. चोवीस तीर्थंकरांपैकी वस्त्राचा वाद ज्यांच्या चरित्रात सर्वांत खोल शिरला आहे, ते हेच. श्वेतांबर परंपरेच्या मते मल्ली ही मिथिलेची राजकन्या होती, म्हणजे एकोणिसावा तीर्थंकर स्त्री होती. दिगंबर परंपरेला हे मान्य नाही. तिच्या मते मल्लिनाथ पुरुषच.

या मतभेदाच्या मुळाशी कपडा आहे. दिगंबर विचारानुसार मोक्षासाठी संपूर्ण अपरिग्रह हवा, आणि वस्त्र हाही परिग्रहच. शिवाय ज्याला वस्त्र टाकवत नाही त्याच्या मनात लाज उरली आहे, आणि लाज उरली म्हणजे देहाचे भान उरले. स्त्रीने नग्न होऊन विहार करणे मात्र परंपरेने नाकारले. मग निष्कर्ष सरळ होता : स्त्रीदेहातून मोक्ष नाही. कुंदकुंदाचार्यांच्या नावावर असलेल्या ‘सुत्तपाहुडा’त हा युक्तिवाद आढळतो. कर्नाटकात प्रभावी असलेल्या यापनीय संघाने मात्र मधला मार्ग काढला. त्यांचे मुनी नग्न राहत, तरी स्त्रीला मोक्ष मिळू शकतो असे ते मानत. नवव्या शतकातील यापनीय आचार्य शाकटायन यांनी त्यासाठी स्त्रीनिर्वाणावर स्वतंत्र प्रकरणच लिहिले.

म्हणजे मिशनरी भारतात येण्याच्या कितीतरी शतके आधी या भूमीत लाज, वस्त्र आणि मुक्ती यांवर अत्यंत काटेकोर वाद झडत होते. ‘आपल्याला लाजच ठाऊक नव्हती’ असे म्हणणारा आपल्याच पूर्वजांची बुद्धी कमी लेखतो. लाज ठाऊक होती म्हणूनच ती ओलांडणे ही साधना ठरली.

आता बायबलकडे. ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकात आदाम आणि हव्वा एदेन बागेत नग्न असतात आणि त्यांना संकोच वाटत नाही. निषिद्ध फळ खाल्ल्यावर त्यांचे डोळे उघडतात, आपण नग्न आहोत हे त्यांना उमगते आणि ते अंजिराची पाने शिवून अंग झाकतात. येथे एक बारकावा बहुधा निसटतो. नग्नता हे पाप आहे असे ही कथा कुठेच म्हणत नाही. पाप घडते ते आज्ञाभंगाने, आणि लाज हा त्याचा परिणाम असतो. पुढे देवच त्या दोघांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. हाकलून देताना तो त्यांची लाज राखतो.

शिरड शहापूरचा दिगंबर विचार आणि ही इब्री कथा यांत एक साम्य आहे. दोन्हींमध्ये वस्त्र ही देहाची गरज नसून मनाची खूण आहे. दोन्हींमध्ये निर्विकार अवस्थेचे रूप नग्न आहे. फरक पडतो तो पुढच्या प्रश्नावर : त्या अवस्थेला याच देहात, याच जगात परतता येते काय? दिगंबर मुनी म्हणतो, येते, तपाने येते. ख्रिस्ती परंपरेतील बहुतेकांनी म्हटले, नाही. पतनानंतरच्या जगात वस्त्र हवेच. दुसऱ्या शतकानंतर उत्तर आफ्रिकेतील एका लहान पंथाविषयी उल्लेख मिळतात, की हे लोक नग्न होऊन उपासना करीत आणि स्वतःला पुन्हा आदाम समजत. चर्चने त्यांना पाखंडी ठरवले.

ही एदेनची कथा मराठीत पुराणाच्या रूपात सांगितली ती एका इंग्रज जेझुइटाने. थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, साष्टीत राहिला, आणि त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा पहिला भाग सृष्टीची उत्पत्ती आणि आदामाचे पतन येथूनच सुरू होतो. नवख्रिस्तींना कथापुराणाची सवय होती, ती मोडण्याऐवजी त्याने तिलाच नवा विषय दिला. ज्ञानेश्वर-एकनाथांचा छंद उचलणारा हा पाद्री आणि पुढे चोळीवर बंदी घालणारे धर्माधिकारी एकाच गोव्यात होऊन गेले, हे ध्यानात ठेवावे. पुढच्या गोष्टीसाठी ते लागेल.

बायबलमधील नग्नतेचे इतर प्रसंग पाहिले की चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. यशया संदेष्टा देवाच्या आज्ञेवरून तीन वर्षे उघडा आणि अनवाणी हिंडतो. येऊ घातलेल्या गुलामगिरीची ती चालतीबोलती खूण असते. शौल राजाच्या अंगात संदेश संचारतो तेव्हा तोही कपडे टाकतो. येशूच्या तोंडी नग्नतेचा उल्लेख येतो तो दारिद्र्याच्या संदर्भात : उघड्याला वस्त्र देणाऱ्याने ते प्रत्यक्ष मला दिले, अशा आशयाचे वचन मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. तेथे दोष उघड्याचा नाही, त्याला पाहून पुढे जाणाऱ्याचा आहे. आणि खुद्द क्रुसावर सैनिकांनी येशूचे कपडे काढून आपसांत वाटून घेतले. चित्रकारांनी त्याच्या कमरेला जे वस्त्र गुंडाळले, त्याचा शुभवर्तमानांत उल्लेख नाही.

स्त्रियांनी शालीन वेष करावा, हा पौलाच्या नावावर असलेला उपदेश पुष्कळदा ऐकवला जातो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ते वाक्य नीट वाचले तर नावे कशाची येतात? गुंफलेले केस, सोने, मोती आणि किमती कपडे. किती अंग दिसावे याचे माप तेथे नाही. पेत्राच्या पत्रातही तेच. रोख नग्नतेवर नसून श्रीमंतीच्या प्रदर्शनावर आहे. गरीब बहिणीच्या शेजारी दागिन्यांनी लगडून प्रार्थनेला बसू नये, असा त्याचा व्यवहारी अर्थ होतो. आज हे वचन गुडघ्याची आणि बाहीची लांबी ठरवण्यासाठी वापरतात, आणि लग्नातल्या सोन्याविषयी मात्र कोणी ते काढत नाही.

आरंभीच्या चर्चमध्ये तर बाप्तिस्मा नग्न अवस्थेत होत असे. हिप्पोलितसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘प्रेषितीय परंपरा’ या जुन्या संहितेत आधी मुले, मग पुरुष आणि शेवटी केस सोडून दागिने उतरवलेल्या स्त्रिया, असा क्रम दिला आहे. चौथ्या शतकात जेरुसलेममध्ये नवदीक्षितांना दिलेल्या प्रवचनांत त्यांना आठवण करून दिली जाते, की तुम्ही सर्वांसमोर नग्न होता आणि लाजला नाहीत, बागेतल्या आदामासारखे. पाण्यातून बाहेर येताच पांढरे वस्त्र अंगावर येई. म्हणजे क्षणभर का होईना, परतण्याचा तो दरवाजा उघडला जात होता.

भारतीय वाचकाला गंमत वाटावी असा आणखी एक तपशील याच काळातला. ग्रीकांनी भारतातील नग्न तपस्व्यांना ‘जिम्नोसोफिस्ट’, म्हणजे नग्न तत्त्वज्ञ, असे नाव दिले होते आणि ती कीर्ती भूमध्य समुद्राकाठच्या ख्रिस्ती लेखकांपर्यंत पोहोचली होती. कार्थेजचा तेर्तुलियन इसवी सन २००च्या आसपास रोमन टीकाकारांना बजावतो, की आम्ही भारतातल्या ब्राह्मणांसारखे किंवा नग्न तत्त्वज्ञांसारखे रानात राहणारे, संसारातून उठलेले लोक नाही. आम्ही तुमच्याच बाजारात आणि स्नानगृहांत वावरतो. हाच तेर्तुलियन स्त्रियांच्या वेषावर आणि कुमारिकांच्या बुरख्यावर कठोर पुस्तके लिहितो. पुरुषाची नग्नता त्याला दूरदेशीची विचित्र चाल वाटते, स्त्रीचा उघडा चेहरा मात्र जवळचे संकट.

तरी ख्रिस्ती परंपरेतही एक दिगंबर क्षण आहे, आणि तो तिने कधी पुसून टाकला नाही. १२०६च्या सुमारास असिसी गावातील कापड व्यापाऱ्याचा मुलगा फ्रान्सिस बिशपसमोर अंगावरचे सगळे कपडे उतरवून बापाला परत देतो आणि यापुढे आपला पिता स्वर्गात आहे असे जाहीर करतो. बिशप त्याला आपल्या झग्याखाली घेतो. १२२६ साली मरताना त्याने आपल्याला नग्न जमिनीवर ठेवावे असे सांगितल्याचे त्याचे चरित्रकार लिहितात. कापडाच्या दुकानातल्या मुलाने केलेला हा परिग्रहत्याग शिरड शहापूरच्या भाविकाला कोणत्याही टीपेशिवाय समजेल.

आणि त्याच परंपरेत १५६५ साली रोममध्ये दानिएले दा व्होल्तेर्रा हा चित्रकार सिस्टाइन चॅपेलमध्ये परांचीवर चढला आणि मायकेलँजेलोच्या ‘अंतिम न्याया’तील नग्न देहांवर त्याने लंगोट रंगवले. लोकांनी त्याला ‘चड्ड्यावाला’ अशा अर्थाचे टोपणनाव दिले. त्रेंतच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धार्मिक चित्रांतील कामुकतेविरुद्ध ठराव केला होता. प्रोटेस्टंट टीकेला तोंड देताना रोम शिस्तीच्या पवित्र्यात होते. भारताकडे पोर्तुगीज जहाजांतून आले ते हे कडक झालेले चर्च. असिसीचे चर्च नव्हे.

गोव्यातील प्रकरण येथे सर्वांत बोलके आहे. १५६० साली तेथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, स्थापन झाले. एप्रिल १७३६मध्ये त्याने एक लांबलचक फर्मान काढून स्थानिक ख्रिस्तींच्या असंख्य चालीरीतींवर बंदी घातली. अ. का. प्रियोळकरांनी गोव्याच्या इन्क्विझिशनवरील आपल्या ग्रंथामुळे ते अभ्यासकांपुढे आणले. तुळस लावू नये, मीठ न घालता भात शिजवू नये, अशा कलमांबरोबर त्यात वेषाचीही कलमे आहेत : ख्रिस्ती पुरुषांनी हिंदू रीतीने धोतर, म्हणजे पुडवे, नेसू नये आणि ख्रिस्ती स्त्रियांनी चोळी घालू नये.

चोळी! जे वस्त्र छाती झाकण्यासाठीच शिवले जाते, ते शालीनतेच्या नावाखाली कोणी कशाला बंद करील? अंग झाकणे हा हेतू असता तर फर्मानाने चोळी सक्तीची केली असती. अळणी भात आणि चोळी एकाच यादीत बसतात, कारण दोन्हींचा गुन्हा एकच होता : त्यांवरून शेजारचा हिंदू आणि ख्रिस्ती वेगळे ओळखू येत नसत. फर्मानाला देहाशी कर्तव्य नव्हते. वेषावरून माणूस कोणाचा हे कळावे, एवढेच त्याला हवे होते. स्टीफन्सने ओवी घेतली, इन्क्विझिशनने चोळी नाकारली, आणि दोघांचेही बायबल एकच. तेव्हा ‘ख्रिस्ती धर्म काय म्हणतो’ असे विचारण्यापेक्षा कोणत्या शतकातला, कोणाच्या हातातला, असे विचारणे जास्त उपयोगी ठरते.

दुसऱ्या विधानाचा आधार, म्हणजे मिशनऱ्यांनी कपडे दिले हा दावा, प्रत्यक्षात महाराष्ट्रातला नाहीच. लुगडे आणि चोळी नेसणाऱ्या मराठी स्त्रीला ते शिकवायला कोणाची गरज नव्हती. तो आधार आहे दक्षिण त्रावणकोरमधला. तेथे नाडार स्त्रियांना वरच्या जातींसमोर छाती झाकण्यास मनाई होती. लंडन मिशनरी सोसायटीच्या प्रभावाखाली ख्रिस्ती झालेल्या नाडार स्त्रिया सैल जाकिटे आणि त्यावर वरचे वस्त्रही घालू लागल्या, तेव्हा १८२०च्या दशकात आणि पुन्हा १८५८-५९मध्ये दंगली झाल्या; बाजारात स्त्रियांच्या अंगावरचे कपडे फाडले गेले. अखेर २६ जुलै १८५९ रोजी त्रावणकोर दरबाराने नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची मुभा दिली, पण उच्चवर्णीय स्त्रियांच्या पद्धतीने नव्हे.

या शेवटच्या अटीत सगळा इतिहास आहे. उघड्या छातीला तेथे कोणी ‘मुक्त भारतीय देहभाव’ म्हणत नव्हते. ती जातीची पावती होती. मंदिराच्या भिंतीवरील सुरसुंदरीचे छायाचित्र टाकून प्राचीन स्वातंत्र्याचे गोडवे गाणाऱ्यांनी हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. दगडातील अप्सरेला कोणी जात विचारत नाही. मिशनऱ्यांच्या बाजूनेही हे सारे निखळ करुणेचे नव्हते. अंग झाकणे हे त्यांच्या लेखी ‘सुधारलेपणा’चे प्रमाणपत्र होते. तरीही त्या जाकिटासाठी ज्यांनी मार खाल्ला त्या नाडार स्त्रिया होत्या, आणि त्या कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मानासाठी लढल्या. त्यांचे श्रेय मिशनला देऊन टाकणे हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होय.

इंग्रजी कायद्याची गोष्ट थोडक्यात. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत कलम २९२ने अश्लील पुस्तके आणि चित्रे विकणे गुन्हा ठरवला. पण त्याच कलमात अपवाद होता : देवळात किंवा देवळावर कोरलेली, रंगवलेली आकृती, देवाच्या रथावरील शिल्प, धार्मिक उपयोगाची प्रतिमा यांना ते लागू नाही. व्हिक्टोरियन काळातील ख्रिस्ती कायदेपंडितांना अश्लीलतेची व्याख्या करतानाच भारतीय देवळाच्या भिंतीपुढे थांबावे लागले. हिंगोलीला निजामाच्या राज्यातील हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती, तिचे अधिकारी इंग्रज होते आणि ही व्यवस्था १९०३पर्यंत टिकली. औंढ्याची शिल्पे त्या छावणीपासून फार दूर नव्हती. त्यांवर कोणी लंगोट रंगवले नाहीत.

मग लाज शिकवली कोणी? या प्रश्नाचे मराठी उत्तर शोधायचे तर ते एका मराठी ख्रिस्ती स्त्रीपाशी सापडते. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे ख्रिस्ती झाल्या. त्या वेळी त्या विधवा होत्या. ब्राह्मण विधवेने केशवपन करावे, लाल आलवण नेसावे, म्हणजे तिच्याकडे पाहून कोणाच्या मनात विकार येणार नाही, ही तत्कालीन समाजाची ‘शालीनता’ होती. ‘द हाय-कास्ट हिंदू वूमन’ या १८८७च्या पुस्तकात रमाबाईंनी त्या सक्तीचे वर्णन केले आहे. उलट पौलाच्या करिंथकरांस पत्रात स्त्रीचे केस कापलेले असणे हीच लाजिरवाणी गोष्ट. एकाच डोक्याविषयी दोन धर्मपरंपरांच्या दोन विरुद्ध आज्ञा, आणि दोन्हींत त्या डोक्याच्या मालकिणीला विचारलेले नाही.

रमाबाईंनी दोन्ही बाजूला ठेवल्या. छायाचित्रांत त्यांचे केस आखूड दिसतात आणि अंगावर साडी दिसते. गाऊन नाही, आलवण नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. आहारावर वाद आहे, गळ्यातील क्रुसावरच्या लॅटिन अक्षरांवर वाद आहे. रमाबाईंना तेथे संस्कृत हवे होते, कारण लॅटिन त्यांना कळत नव्हते आणि आपल्या देशातील लोकांनाही कळणार नव्हते. ख्रिस्त त्यांनी स्वीकारला, त्याच्याबरोबर आलेला युरोपीय शिंपी नाही. इन्क्विझिशनने १७३६ साली जे दोन धागे एकत्र बांधले होते, श्रद्धा आणि वेष, ते दीडशे वर्षांनी एका मराठी स्त्रीने सोडवले. पुढे खुद्द रोमलाही हे मान्य करावे लागले. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात म्हटले आहे, की शालीनतेची रूपे संस्कृतीगणिक बदलतात, तिच्यामागची मानवी प्रतिष्ठेची जाणीव मात्र सर्वत्र आढळते. पुढे पोप झालेल्या कारोल वोय्तिला यांनी १९६०मध्येच लिहिले होते, की नुसती नग्नता म्हणजे निर्लज्जपणा नव्हे. दुसऱ्याला उपभोगाची वस्तू करण्याच्या हेतूने निर्लज्जपणा येतो. सिस्टाइन चॅपेलची स्वच्छता झाली तेव्हा नंतरच्या काळात चढवलेले काही लंगोट उतरवण्यात आले, आणि १९९४ साली याच पोपने त्या जागेचा मानवी देहाच्या ईशशास्त्राचे मंदिर म्हणून गौरव केला.

मराठवाड्यात दिगंबर मुनी आजही पायी विहार करतात. चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर यांनी १९५५ साली धाराशिव जिल्ह्यातील कुंथलगिरीवर सल्लेखना घेऊन देह ठेवला; विसाव्या शतकात नग्न मुनिपरंपरा पुन्हा उभी राहिली ती मुख्यतः त्यांच्यामुळे. अशा विहाराची चित्रफीत समाजमाध्यमांवर आली की तिच्यावर हसणाऱ्यांत औंढ्याच्या शिल्पांचा अभिमान बाळगणारेही असतात. मुनींच्या मागून पांढऱ्या साडीतील आर्यिका चालत असतात. दिगंबर शास्त्रानुसार स्त्रीदेहातून मोक्ष नाही, आणि त्या युक्तिवादाच्या मुळाशी ही साडीच आहे. यापनीयांचा युक्तिवाद हरला, आणि त्याचे परिणाम त्या आजही पायी चालून सोसतात.

रमाबाईंनी आयुष्याची अखेरची वर्षे बायबलचे इब्री आणि ग्रीक भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला. केडगावच्या मुक्ती सदनात त्यासाठी छापखाना होता आणि त्यातील खिळे जुळवण्याचे काम आश्रमातील मुली-बायका करीत. त्यांच्यापैकी अनेकींच्या वेषाचा आणि केसांचा निर्णय पूर्वी दुसऱ्यांनी घेतलेला होता. आदामाची लाज, अंजिराची पाने आणि देवाने शिवलेली वस्त्रे यांचा मजकूर त्यांनी स्वतःच्या हातांनी, एकेक अक्षर उचलून, मराठीत बसवला.